आभाळाला मारलेली गाठ

आमच्या मास्तरांनी एकदा आभाळाला नापास केलं होतं.

उत्तरायणाचा, म्हणजे संक्रांतीचा दिवस होता. त्या दिवशी सुरतेत जमिनीवर फक्त गाई आणि बंद दुकानांची कुलुपं उरतात. बाकी सगळं शहर गच्चीवर. पर्वत पाटिया भागात एका मित्राच्या गच्चीवर आम्ही मिलमधली वीस-पंचवीस माणसं उंधियो आणि जिलेबी हाणून पतंग कापत होतो. मास्तरांना पतंगात रस नव्हता. त्यांनी खिशातून एक निळी चिंधी काढली, हात लांब करून ती आभाळावर धरली, मान डावीकडे कलती केली, मग उजवीकडे, आणि म्हणाले, "पिवळं मारतंय."

"काय पिवळं मारतंय, मास्तर?"

"आभाळ. निळ्यात दम नाही. परत घाला."

एवढा मोठा लॉट घालायचा कुठल्या मशीनमध्ये, असं कुणीतरी विचारलं आणि गच्ची हसली. आमच्या हसण्याला शेजारची गच्ची हसली, तिला तिच्या पलीकडची, आणि ती लाट म्हणे तापी ओलांडून रांदेरपर्यंत गेली. तिथले दोन पतंग तिच्या झोतात कटले. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो होतो. मास्तर मात्र हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी मिलमध्ये येऊन त्यांनी ती निळी चिंधी आपल्या दोरीवर टांगली, तिला एक गाठ मारली आणि मार्करनं तिच्यावर लिहिलं : 'आभाळ, उत्तरायण.'

आता ही दोरी काय आणि गाठ काय, हे सांगायचं तर आधी मास्तर सांगायला हवेत.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. कापड रंगवणाऱ्या मिलमध्ये रंगाची शेड ठरवतो त्याला मास्तर म्हणतात. पलसाण्याला हायवेलगत आमची मिल. तिथं लांबडी, बंद तोंडाची जेट मशीनं आहेत. प्रेशर कुकर आणि अजगर यांचं लग्न लागलं तर जे होईल तशी. त्यांच्या पोटात साड्यांचं कापड उकळत्या रंगातून गरगर फिरतं. झाकण उघडलं की ऑपरेटर एक तुकडा कापून मास्तरांकडे पळत येतो. मास्तर 'पास' म्हणाले की कापड पुढे. 'नापास' म्हणाले की पुन्हा अजगराच्या पोटात. तीस वर्षं मिल ह्या दोन शब्दांवर चालली. बॉयलर दोनदा बंद पडला, मालक एकदा बदलले, पण मास्तरांच्या तोंडातून शब्द सुटल्याशिवाय एक वार कापड हललं नाही. त्यांनी 'पा' म्हणून खोकला काढला, तर खोकला संपेपर्यंत चारशे माणसं श्वास धरून उभी राहत. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. बरं, चारशे नसतील. चाळीस तरी होती.

गाव त्यांचं अमळनेरकडं. माझ्या आईचं माहेर तिथून तीन कोसांवर, एवढ्या भांडवलावर ते मला 'भाचा' म्हणत. सुरतेत लिंबायतपासून उधन्यापर्यंत त्यांचे असे दीडशे भाचे होते. पण नोकरीला लावलेला मी एकटाच, म्हणून हक्क जास्त.

कपडे कायम पांढरे. रंगीत शर्टाचा रंग कापडावर सांडतो आणि शेड चुकते, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंही आहे. पण मास्तर खरी गोष्टसुद्धा खोटी वाटेपर्यंत पाळत. लाल शर्टवाला माणूस त्यांच्यापासून दहा पावलांवर उभा राहून बोले. एकदा गुलाबी शर्टातले एक सरकारी साहेब तपासणीला आले, तर मास्तरांनी त्यांना राखाडी चादर पांघरायला लावली. साहेबांनी संपूर्ण मिल चादर पांघरून तपासली आणि जाताना थंडी वाजून आल्याचं सांगून लवकर घरी गेले.

मामी, म्हणजे मास्तरांची बायको, सांगायच्या की लग्नात अंतरपाट खाली आला तेव्हा हा माणूस त्यांच्या तोंडाकडं बघतच नव्हता, शालूकडं बघत होता. आणि नवऱ्यानं नवरीला उद्देशून काढलेले पहिले शब्द होते, "पदर दुसऱ्या लॉटचा आहे." मामींच्या वडिलांनी दुसऱ्या दिवशी दुकानदाराला गाठलं. पदर खरंच दुसऱ्या लॉटचा होता.

शेडीला नंबर असतात. मास्तर नंबर वापरत नसत. त्यांची शेड असे 'ओल्या हरभऱ्याची', 'शिळ्या भरताची', 'तालुक्याच्या ऑफिसातल्या भिंतीची'. एकदा ते म्हणाले, "जावई अजून आठ दिवस राहणार म्हटल्यावर सासऱ्याचं तोंड होतं, तो रंग दे." ओडिशातून आलेल्या ऑपरेटरला मराठीचा गंध नाही, पण त्यानं पहिल्या फेरीत तो रंग बरोबर काढला. त्याचा जावई त्या आठवड्यात आला होता.

शेड बघायला मिलमध्ये दिव्यांची एक पेटी होती, लाइट बॉक्स. तिच्यात मास्तर जेवणाचा डबा गरम राहायला ठेवत. कापड बघायचं ते उत्तरेच्या खिडकीत, सकाळी दहा ते चार. "उत्तरेचा उजेड कुणाचा नातेवाईक नाही," ते म्हणत.

आणि दोरी. जेटपासून कॅन्टीनकडं जाणाऱ्या वाटेवर, डोक्याच्या उंचीवर, मास्तरांनी एक दोरी बांधली होती. प्रत्येक लॉटची वीतभर चिंधी तिच्यावर. पहिल्या फटक्यात पास झालेली चिंधी सरळ लोंबे. एकदा परत घालावा लागला तर एक गाठ. दोनदा, तर दोन. आणि मिलमधून पास होऊन गेलेला माल पार्टीनं, म्हणजे व्यापाऱ्यानं, शेड चुकली म्हणून परत पाठवला, तर तीन गाठी, आणि ती चिंधी वाटेच्या मधोमध, अशी की चहाला जाणाऱ्या प्रत्येकाच्या नाकाला लागावी. चिंधीवर मशीनचा नंबर आणि ऑपरेटरचं नाव. शिवी नाही, दंड नाही, फक्त नाकाला चिंधी. ह्या भीतीनं आमचे ऑपरेटर इतकं सांभाळून काम करत की दोघांनी चहा सोडला होता.

दोरीचा एकच नियम कडक होता : मारलेली गाठ सोडायची नाही. मोठ्या शेठनी एकदा पाहुणे येणार म्हणून दोनच गाठी सोडायला सांगितल्या, तर मास्तर म्हणाले, "पाहुण्यांना सोडा." पाहुण्यांना कॅन्टीनऐवजी दुसऱ्या वाटेनं नेलं.

असं सगळं सुरळीत वेडं चाललं होतं, तेव्हा छोटे शेठ शिकून परत आले.

छोटे शेठ माणूस चांगला. फक्त त्यांना कुठलीही गोष्ट भिंतीवर, रंगीत आणि हलती हवी असे. मी तेव्हा ऑफिसात आकडे जमवायच्या टेबलावर होतो. दर सोमवारी बेचाळीस रकान्यांचा तक्ता करून सगळ्यांना पाठवायचो. तो कुणी उघडत नाही, हे मला सतराव्या सोमवारी कळलं. त्या दिवशी मी चुकून घरच्या किराण्याची यादी पाठवली होती आणि तिघांचं 'छान काम' असं उत्तर आलं होतं. छोटे शेठ म्हणाले, आता तक्ते बंद, डॅशबोर्ड घ्यायचा. मिलचा धंदा कसा चाललाय हे एका नजरेत दिसलं पाहिजे. तीन कंपन्या बोलवा, एक निवडा. निवडणार आपण तिघं : ते, मी, आणि मास्तर.

मास्तरांना का, असं मी विचारलं. ते म्हणाले, मास्तरांना नाही घेतलं तर टीव्ही लागेल आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यावर गाठ मारलेली चिंधी असेल. छोटे शेठ मुळीच मूर्ख नव्हते.

पहिला आला तो अहमदाबादचा एक चटपटीत मुलगा. त्याच्या डॅशबोर्डवर नुसते काटे. मोटारीला असतात तसे गोल गोल, उत्पादनाचा काटा, विजेचा काटा, क्वालिटीचा काटा, आणि सगळे हिरव्यात थरथरत होते. छोट्या शेठांचे डोळे चमकले. मास्तरांनी एकच प्रश्न टाकला, "कालचा सगळ्यात वाईट लॉट दाखव." मुलगा म्हणाला, लॉट नाही दिसत, अंकल, सरासरी दिसते; क्वालिटी हिरवी आहे. मास्तर उठले. खिशातली हिरवी चिंधी त्यांनी आधी लॅपटॉपवर धरली, मग भिंतीवरच्या पडद्यावर.

"हा हिरवा वेगळा आणि तो हिरवा वेगळा," ते म्हणाले. "ज्याला दोन पडद्यांवर एक हिरवा जुळवता येत नाही, तो मला क्वालिटी सांगणार?"

मुलगा घरी गेला तेव्हा त्याचा स्वतःचा काटा पार लाल होता.

दुसऱ्या कंपनीचे दोन जण कोटात आले, तेही पलसाण्याच्या उन्हाळ्यात. त्यांच्या डॅशबोर्डवर पृथ्वीचा नकाशा होता आणि त्यावर सुरतेचा ठिपका लुकलुकत होता. मास्तर म्हणाले, मिल पलसाण्याला आहे एवढं मला माहीत आहे, कालचा वाईट लॉट कुठंय? त्यांनी बटण दाबलं आणि पडद्यावर एक चक्र फिरायला लागलं. ते चहा होईपर्यंत फिरलं, जेवण होईपर्यंत फिरलं. माझा अंदाज आहे ते अजून फिरतंय.

तिसऱ्या आल्या त्या एक बाई, उधन्याच्या. स्वतःचीच छोटी कंपनी, तीन माणसांची. अंगात राखाडी कुर्ता, राखाडी ओढणी. मास्तरांनी त्यांना खालून वर पाहिलं आणि विचारलं, राखाडी घालून यायला कुणी सांगितलं?

"माझे वडील मिलमध्ये फोल्डिंगला होते," बाई म्हणाल्या. "लाल ओढणी घेऊन डबा द्यायला गेले होते एकदा. तिथले मास्तर असे ओरडले की मी अजून लाल घेत नाही."

मास्तरांनी त्यांच्यासाठी स्वतः खुर्ची ओढली. तीस वर्षांत त्यांनी खुर्ची ओढल्याची ही एकमेव नोंद.

बाईंनी लॅपटॉप उघडलाच नाही. त्या म्हणाल्या, आधी तुम्ही आत्ता कसं बघता ते दाखवा. मास्तर त्यांना दोरीकडं घेऊन गेले. बाई अर्धा तास दोरीखाली फिरल्या. एक गाठ म्हणजे काय, दोन म्हणजे काय, तीन गाठींची मधोमध का, सगळं विचारलं आणि वहीत लिहिलं. शेवटी म्हणाल्या, "डॅशबोर्ड तर तुमच्याकडं आहेच. मला फक्त त्याला शोधायची सोय करायची आहे." मग सहज विचारावं तसं विचारलं, "चिंधीवर ऑपरेटरचं नाव आहे. पास कुणी केला, ते नाही लिहीत?"

मी हसून सांगितलं, पास करणारा एकच माणूस आहे, त्याचं काय लिहायचं. तसं सूर्यावरही कंपनीचं नाव नसतं.

"तरी रकाना ठेवते," बाई म्हणाल्या. "रिकामा राहिला तर राहिला."

ठरलं असं की गेल्या सहा महिन्यांच्या चिंध्या त्यांच्या टूलमध्ये भरून बघायच्या. आठवडाभर मी चिंधी वाचून दाखवायचो आणि त्या भरायच्या. चिंधीचा फोटो काढला की पडद्यावर त्याच रंगाचा एक चौकोन उमटे. जितक्या गाठी तितके ठिपके. 'आभाळ, उत्तरायण' ही चिंधीसुद्धा त्यांनी इमानदारीनं भरली. मशीन : रिकामं. ऑपरेटर : रिकामं. गाठ : एक. मी म्हटलं, अहो, ती थट्टा आहे. त्या म्हणाल्या, दोरीवर आहे ना, मग आहे.

शेवटच्या दिवशी बाईंनी चौकोन रंगाप्रमाणे लावले. लाल एकीकडे, हिरवे एकीकडे, पिवळे, तपकिरी. लाल रांग स्वच्छ. हिरवी जवळजवळ स्वच्छ. आणि निळी रांग अशी दिसत होती जणू तिला देवी आल्या आहेत. तीन-तीन ठिपके, एकाखाली एक. मशीन वेगवेगळी, ऑपरेटर वेगवेगळे, रंगाची बॅच वेगवेगळी. सगळ्यांत सारखी गोष्ट एकच होती, आणि ती त्या रिकाम्या रकान्यात होती.

पार्टीनं परत पाठवलेला प्रत्येक निळा लॉट मास्तरांनी पास केलेला होता.

मी पडद्याकडं बघत बसलो. माझा खोटारडेपणा जगजाहीर आहे, पण त्या क्षणी मला एक साधं खोटंसुद्धा सुचेना. मला उत्तरायणाची गच्ची आठवली. पिवळं मारतंय. आम्ही आभाळाला हसलो होतो. मास्तर जे दिसत होतं तेच सांगत होते. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी साचत चाललं होतं, त्यात निळा बुडत होता, आणि त्यांना वाटत होतं की सगळ्या जगाचाच निळा फिका पडलाय. पाण्याला दोष, रंग देणाऱ्याला दोष, आभाळालासुद्धा.

मास्तरांकडं दुसरं होतं काय? घर, मामी, दीडशे मानलेले भाचे, हो. पण तो माणूस उभा होता त्या एका शब्दावर. 'पास' म्हणायचा हक्क गेला, तर पांढऱ्या शर्टातला एक म्हातारा उरणार, आणि पांढरे शर्ट घातलेले म्हातारे सुरतेत पुष्कळ आहेत.

"हे दाखवायचं नाही," मी बाईंना म्हणालो.

त्यांनी वही मिटली. "टूल मी निवडत नाही, तुम्ही निवडता," त्या म्हणाल्या. "पण मला विचारलं तर मी लपवणार नाही. माझे वडील फोल्डिंगला होते. मास्तर म्हणतील पास तर पास. त्या शब्दावर आमचं घर चाललं."

मग मी एक काम केलं, ज्याचा मला अभिमान नाही, पण ज्याच्या कारागिरीचा थोडा आहे. छोट्या शेठांकडं जाऊन मी काट्यांच्या डॅशबोर्डची तारीफ सुरू केली. सरासरी ही किती थोर गोष्ट आहे यावर मी पाऊण तास बोललो. मालकानं एकेक लॉट बघत बसणं म्हणजे राजानं भाजी निवडणं, असं म्हणालो. नदीची सरासरी खोली घोट्याएवढी असली की बिनधास्त उतरावं, असंसुद्धा म्हणालो असेन. छोटे शेठ भारावले. म्हणाले, काटेच घेऊ.

शेवटची बैठक झाली ती उत्तरेच्या खिडकीच्या खोलीत, कारण मास्तर दुसरीकडं बसायला तयार नव्हते. बाईंनाही बोलावलं होतं, नकार तोंडावर द्यावा ही छोट्या शेठांची पद्धत. मी काट्यांची बाजू मांडली. मास्तर ऐकत होते आणि त्यांची मान हळूहळू कलत होती, नापास करण्याआधी कलते तशी.

"भाचा," ते म्हणाले, "काटेवाल्यानं तुला काय चारलं?"

मी खाली बघितलं. लोचोच्या एका प्लेटवर विकला गेलेला माणूस, अशी माझी नोंद झाली तरी चालेल, असं मी मनाशी ठरवलं होतं. पण मास्तर माझ्याकडं बघतच राहिले. शेड बघावी तसे. आणि मग त्यांनी ती बरोबर ओळखली. तोंड फिरवून ते बाईंना म्हणाले, "तुमचं उघडा. निळे दाखवा."

बाईंनी निळी रांग उघडली. मास्तर पडद्याजवळ गेले आणि ठिपक्यांवरून बोट फिरवत गेले, वरून खाली, जसं कुणी पाठीवरून हात फिरवतं.

"तुले काय वाटनं, भाचा? माले माहीत नही?" ते अहिराणीत बोलले. लोकांसमोर ते अहिराणी कधी बोलत नसत. मग शेठांना कळावं म्हणून मराठीत आले. "तीन गाठी मी माझ्या हातानं मारल्या. मारताना रंग दिसला नाही तरी गाठ हाताला लागते. मला वाटायचं पाणी बदललं. मग वाटलं रंगवाला फसवतोय. मागच्या महिन्यात घरी निळी लुंगी काळी म्हणून नेसलो, तेव्हा तुझी मामी गप्प बसली. ती गप्प बसली म्हणजे काहीतरी आहे."

छोटे शेठ काही बोलणार होते. मास्तरांनी हात वर केला.

"ह्यो रकाना रिकामा का?"

"तुम्हीच भरा," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी एकेका चौकोनावर बोट ठेवलं आणि दर वेळी म्हणाले, लिहा, मास्तर. लिहा, मास्तर. बाई लिहीत गेल्या. आभाळाचा चौकोन आला तेव्हा ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, हा राहू द्या, ह्याचा निकाल बाकी आहे.

छोट्या शेठांनी बाईंचं टूल घेतलं. आणि खाली बघून, फार हळू, म्हणाले की मास्तर, थोडे दिवस निळ्या शेडी लाइट बॉक्समध्ये तपासू. मास्तरांनी मान हलवली. बाहेर येऊन त्यांनी लाइट बॉक्समधला आपला डबा काढला, कापडानं पेटी आतून पुसली आणि डबा काखेत घेऊन घरी गेले. दुपारचे दोन वाजले होते. उत्तरेच्या उजेडाचे दोन तास शिल्लक असताना मास्तर घरी गेल्याचं त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं.

डॉक्टरकडं त्यांना मी आणि मामींनी नेलं. नेलं म्हणजे मामी पुढून ओढत होत्या आणि मी मागून ढकलत होतो. डॉक्टरीणबाईंनी बघून सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतियो, म्हणजे आपला मोतीबिंदू, आणि चांगला पिकून पिवळा झालेला. आधी उजवा करू, मग काही आठवड्यांनी डावा. मास्तरांनी विचारलं, नवीन भिंग कुठल्या रंगाचं? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काका, बिनरंगाचं. मास्तर म्हणाले, बिनरंगाचं असं काही नसतं, सॅम्पल दाखवा. डॉक्टरीणबाईंनी नमुन्याचं भिंग आणलं. ते हातात घेऊन मास्तर उत्तरेची खिडकी शोधत दवाखानाभर फिरले. शेवटी ती सापडली बायकांच्या वॉर्डात. तिथं उभं राहून, पेशंट बायकांच्या देखत, त्यांनी भिंग उजेडावर धरलं आणि पास केलं. ऑपरेशन त्यानंतर झालं. माझं म्हणणं आहे की नापास केलं असतं तर कंपनीला भिंगांचा सबंध लॉट परत न्यावा लागला असता.

दिवाळीची सुट्टी संपून मिल उघडली त्या दिवशी ते आले. उजवा डोळा नवा, डावा जुना. काळा चष्मा खिशात घातला आणि सरळ दोरीखाली जाऊन उभे राहिले. आम्ही सगळे लांब उभे. आता दोरीशेजारी बाईंचा टीव्ही लागला होता. त्यावर चौकोन, ठिपके, रकाने.

मास्तरांनी एक निळी चिंधी धरली. डावा डोळा झाकला. मग उजवा झाकला. मग पुन्हा डावा. असं त्यांनी निळ्या रांगेतल्या प्रत्येक चिंधीला केलं. ज्या सरळ लोंबत होत्या, पार्टीनं कधी परत पाठवल्या नव्हत्या, त्यांतल्याही पाच-सहा त्यांनी उतरवल्या आणि एकेकीला गाठ मारली. छोटे शेठ हळूच म्हणाले, मास्तर, तो माल विकला गेला, हिशेबाचे महिने बंद झाले, जुने आकडे बदलतील.

"महिना बंद झाला असंल," मास्तर म्हणाले. "डोळा आत्ता उघडलाय."

मग त्यांनी ती चिंधी काढली. आभाळ, उत्तरायण. मला खुणेनं बोलावलं आणि आम्ही दोघं मिलच्या गेटबाहेर आलो. हायवेवर ट्रक चालले होते. त्या दिवशी मिलच्या चिमण्या नुकत्याच पेटत होत्या, धूर चढला नव्हता, आणि वर आभाळ असं पसरलं होतं की बस. मास्तरांनी हात लांब करून चिंधी त्याच्यावर धरली. डावा डोळा झाकला. मान कलली नाही.

मग लहान पोरासारख्या आवाजात म्हणाले, "आभाय इतलं नियं ऱ्हास का रे, भाचा?"

"इतकंच निळं असतं, मास्तर. कायम."

"कोणी सांगनं नही माले."

मी काय सांगणार होतो? मी तर सगळ्यात मोठ्यानं हसलो होतो.

मास्तरांनी चिंधीची गाठ बोटांनी सोडवायला घेतली. सुटेना. त्यांना मारायची सवय होती, सोडायची नव्हती. शेवटी दातांनी सोडवली, थुंकी लागलेली चिंधी गुडघ्यावर ठेवून तळहातानं सरळ केली आणि आत जाऊन दोरीवर टांगली. मला म्हणाले, त्या बाईंना फोन लाव, रकाना भरायचा राहिलाय.

तो चौकोन अजून टीव्हीवर आहे. बाहेरची माणसं विचारतात, हा कुठल्या पार्टीचा लॉट. आम्ही त्यांना वाचून दाखवतो. शेड : आभाळ. मशीन : रिकामं. ऑपरेटर : रिकामं. गाठ नाही. पास कुणी केलं : मास्तर.